उघडिपीचं ऊन

बालकवींची ‘श्रावणमास’ शाळेतच पाठ होते, म्हणून ती सावकाश वाचायची राहून जाते. ती श्रावणात गगनबावड्याला वाचावी. सह्याद्रीच्या ऐन माथ्यावरचं हे गाव. करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट इथूनच कोकणात उतरतात. आषाढात धुक्यापुढे समोरचा गगनगडही दिसत नाही. श्रावणात मधूनच उघडीप मिळते, आणि कवितेतला ऊन-पावसाचा लपंडाव डोळ्यांसमोर सुरू होतो.

या कवितेला नुसतं गोड निसर्गचित्र म्हणणं मला अपुरं वाटतं. बालकवींची नजर फार काटेकोर आहे. त्यांना आकाशात इंद्रधनुष्याचा दुहेरी पट्टा दिसतो. जमिनीवरून असं धनुष्य दिसायला सूर्य क्षितिजापासून 42 अंशांच्या खाली उतरलेला असावा लागतो. आणि लगेच पुढे सूर्य मावळल्याचा भास होतो, ढग सरतात, झाडांच्या शेंड्यांवर आणि उंच घरांवर पिवळं ऊन येतं. दोन्ही चित्रं एकाच कलत्या वेळेची आहेत. ऊन शेंड्यांवर का, तर किरण तिरपे आहेत. खालची जमीन सावलीत गेली आहे. पिवळं का, तर तिरप्या किरणांना हवेचा जाड थर ओलांडावा लागतो आणि त्यात निळा प्रकाश विखरून जातो.

हे ऊन लख्ख असतं, पण त्याला चटका नसतो. वैशाखात इथल्या जांभ्याच्या सड्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. सूर्याचा प्रकाश हवेतून बराचसा आरपार जातो. पृथ्वीवर येणाऱ्या सूर्यशक्तीतली जवळजवळ निम्मी जमीन आणि समुद्र शोषून घेतात. आधी जमीन तापते, मग तिच्यामुळे वरची हवा. श्रावणात मात्र दगड, माती, पानं सगळंच निथळत असतं आणि उन्हाची बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. हा खर्च थोडाथोडका नाही. गोठणबिंदूजवळचं लिटरभर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटींहून अधिक त्याची वाफ करायला लागते. बालकवी हे पाखरांत दाखवतात: भिजलेले पंख झटकून ती नीट करत बसतात. उन्हाचं काम त्या इवल्या हालचालीत पकडलंय, आणि कवितेतली ही जागा मला सर्वांत प्रिय आहे.

वाफेत गेलेली उष्णता हरवत नाही. अरबी समुद्रावर पडलेल्या उन्हाने वाफ झालेलं पाणी वाऱ्याबरोबर कोकणावरून येतं, करूळच्या कड्याला अडून वर चढतं, गार होतं आणि त्याचे थेंब बनतात. त्या क्षणी वाफ आपल्यातली उष्णता भोवतालच्या हवेला देऊन टाकते. ती हवा आणखी वर उठते, ढग उंच होतात. म्हणजे वातावरण तापवायला सूर्याने जमिनीइतकंच समुद्राला आणि पावसालाही कामाला लावलेलं असतं.

हे कळल्यावर संध्याकाळचे रंग ढगांवर चढतात ते कडवं पुन्हा वाचावं. बालकवी धरणगावचे, खानदेशातले. कडक उन्हाच्या मुलखात वाढलेले. कदाचित म्हणूनच या ओल्या उन्हाचं त्यांना एवढं अप्रूप असावं. त्या कडव्यातले ढग उन्हानेच समुद्रावरून उचलून आणलेले आहेत, आणि आता तेच मावळतीचं ऊन त्यांना रंगवतं आहे.