हँडल कोण फिरवत होतं?

गेल्या दिवाळीच्या आधी आई चकलीची भाजणी भाजत होती आणि मी तिच्याच गॅसच्या दुसऱ्या बर्नरवर कॉफी भाजत होतो. तिच्याकडे जुनी लोखंडी कढई आणि उलथनं. माझ्याकडे स्टीलचा ड्रम, त्याला लाकडी मुठीचं हँडल, तापमान दाखवणारी तार आणि नोंदींसाठी वही. थोडा वेळ पाहून तिने विचारलं, "एवढं फिरवतोयस, पण झाकून कशाला ठेवलंयस? दिसतं कसं तुला?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे.

हाताने फिरवायच्या कॉफी रोस्टरचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. निळी ज्योत, संथ फिरणारा ड्रम, आत बियांची सरसर, शेवटी चाळणीत ओतलेली तपकिरी रास आणि वर चढणारा धूर. कुणी एक शब्द बोलत नाही. पण न बोलताही एक दावा केलेला असतो: कॉफी कारखान्यातून पुन्हा माणसाच्या हातात आली आणि आता चव तुमच्या ताब्यात आहे. हा दावा कितपत खरा आहे?

आधी वस्तू पाहू. ड्रमच्या आत पाती असतात. हँडल फिरलं की ती बिया उचलतात आणि परत खाली सोडतात. बियांना उष्णता मिळते ती तापलेल्या पत्र्याकडून आणि आतल्या गरम हवेकडून. हिरवट बी आधी पिवळी पडते, तेव्हा ओल्या गवतासारखा वास येतो. मग पाव भाजल्यासारखा. दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास आतल्या वाफेच्या दाबाने बी तडकते आणि लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो. याला 'फर्स्ट क्रॅक' म्हणतात. तापवत राहिलात तर आणखी वीस-पंचवीस अंशांनंतर दुसरा, बारीक कुरकुरीत आवाज येतो. तुमची कॉफी आंबटसर, फळांच्या चवीची होणार की कडवट, हे बरंचसं या दोन आवाजांमधल्या काही मिनिटांत ठरतं.

इथे या यंत्राचं खरं बलस्थान आहे. ते तुम्हाला जागेवरून हलू देत नाही. पंधरा मिनिटं एक हात हँडलवर, दुसरा गॅसच्या बटणावर. फोन आला म्हणून काही सेकंद थांबलात तर पत्र्याला टेकलेल्या बियांवर काळे डाग पडतात आणि ते डाग कपात कळतात. ड्रम बंद असल्यामुळे डोळ्यांचा उपयोग कमी, म्हणून कान आणि नाक कामाला लागतात. स्क्रीनवर जगणाऱ्या माझ्यासारख्याला हे शिक्षण महत्त्वाचं वाटलं आणि अजूनही वाटतं.

पण 'ताबा' हा शब्द मला परत घ्यावा लागला. तापमानाची तार बियांचं आणि हवेचं मिळून काहीतरी मधलंच तापमान दाखवते. ती कुठे बसवली आहे यावर आकडा बदलतो. त्यामुळे दुसऱ्याच्या यंत्रावरचे आकडे माझ्या यंत्रावर कामाचे नाहीत. हात दमला की वेग बदलतो. शेवटाला बिया स्वतःच्याच उष्णतेने पुढे भाजत राहतात, म्हणून त्या तीन-चार मिनिटांत गार कराव्या लागतात. बहुतेक छोट्या ड्रमांसोबत त्याची सोय नसते. मी पंख्याखाली चाळणी हलवत बसतो आणि फोलपटं सोफ्यापर्यंत उडतात. २५० ग्रॅम बिया टाकल्या की हाती साधारण २१० ग्रॅम येतात, बाकी बहुतेक पाणी होऊन जातं. धूर मात्र दोन दिवस पडद्यांत राहतो. वन-बीएचकेमध्ये हा छंद करणाऱ्याने घरच्यांची परवानगी आधी घ्यावी.

यापेक्षा मोठी खोट त्या व्हिडिओंच्या गोष्टीत आहे. त्यांत हँडल नेहमी हौसेने फिरतं. इतिहासात ते तसं फिरलेलं नाही.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत अनेक घरांत कच्च्या बिया आणून चुलीवर भाजत. १८६४ साली न्यूयॉर्कच्या जेबेझ बर्न्सने एका रोस्टरचं पेटंट घेतलं. त्यातला ड्रम आगीवरून न काढता रिकामा करता येई. १८७३ साली आर्बकल बंधूंनी 'अरिओसा' नावाची भाजलेली कॉफी पुडक्यांत विकायला आणली आणि ती घराघरांत पोचली. त्यांच्या त्या काळातल्या एका रंगीत जाहिरातीत दोन बायका स्वयंपाकघरात आहेत: एकीची कॉफी पुन्हा करपली आहे आणि दुसरी तिला तयार भाजलेली घ्यायला सांगते आहे. जाहिरात कुणाला उद्देशून होती ते स्पष्ट आहे. घरचं हँडल सुटलं तेव्हा अनेकींनी सुटकेचा श्वास टाकला असणार.

दक्षिण भारतात हे यंत्र त्यानंतरही बराच काळ टिकलं. कोळशाच्या शेगडीवर लोखंडी दंडगोल, बाजूला दांडा, आत पीबेरी किंवा प्लँटेशनच्या बिया. तमिळ मध्यमवर्गासाठी कॉफी प्रतिष्ठेची खूण कशी बनली, हे ए. आर. वेंकटाचलपती यांनी २००६च्या आपल्या पुस्तकात दाखवलं आहे. त्या प्रतिष्ठेचा पेला पाहुण्यापुढे येई. शेगडीपाशी दांडा फिरवणारा हात आतच राही आणि तो बहुतेकदा बाईचा, मुलांचा किंवा गड्याचा असे. पुढे कोपऱ्यावरच्या दुकानात भाजून, दळून मिळू लागल्यावर दंडगोल माळ्यावर गेला. आता तोच पॉलिश होऊन परत आला आहे आणि यावेळी तो फिरवणाऱ्याला 'कारागीर' म्हणतात.

मी यंत्राला दोष देत नाही. हौसेने कॉफी भाजण्यात गैर काही नाही. माझा आक्षेप शब्दांच्या वाटणीला आहे. मी भाजतो ते 'रोस्ट प्रोफाइल', आई भाजते तो 'स्वयंपाक'. मोहरी तडतडली हे तिला पाठमोरी असताना कळतं. रवा कधी उतरवायचा ते ती वासावरून सांगते. माझ्या वहीतलं सगळं ज्ञान तिच्या हातात आधीपासून होतं. त्याला कुणी नाव दिलं नव्हतं, एवढंच.

आईला मी शेवटी सांगितलं: झाकलंय ते उष्णता कोंडून सगळ्या बाजूंनी सारखी लागावी म्हणून, आणि दिसत नाही म्हणून मी ऐकतो. ती म्हणाली, "मग बरोबर आहे."

नंतर मी तिला भाजणीबद्दल विचारत बसलो. तांदूळ धुऊन वाळवलेले, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, धने, जिरे. सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाला वेळ वेगळा लागतो, आणि मग एकत्र करून दळायचं. कॉफीवाले वेगवेगळ्या बियांचं मिश्रण करताना हीच पद्धत वापरतात आणि त्यावर पानंच्या पानं लिहितात.

तुम्हाला कॉफी भाजून पाहायची असेल, तर यंत्र मागवण्याआधी घरातली कढई घ्या, मूठभर कच्च्या बिया टाका आणि खिडकी उघडा. शेजारी कुणी रोज भाजणारं असेल तर त्यांनाही बोलवा. माझ्या वहीत आता कॉफीच्या नोंदींनंतरचं पान आईच्या भाजणीचं आहे. त्यात मिनिटं लिहिलेली नाहीत, कारण ती म्हणाली, "मिनिटं कशाला? वास आला की कळतं."