पॅरिसची प्रतिमा आणि बोदलेअरचा हंस

पॅरिस म्हटले की सेन नदीचे काठ, दिव्यांनी उजळलेले रुंद राजमार्ग आणि त्यांवरून रमतगमत चाललेली प्रणयी युगुले डोळ्यांपुढे उभी राहतात. ही प्रतिमा खोटी नाही. परंतु ती स्वयंभूही नाही. हे राजमार्ग बव्हंशी एका प्रशासकाची कृती आहेत. तिसऱ्या नेपोलियनने १८५३ साली ओसमान यांना सेन विभागाचे प्रीफेक्ट नेमले. १८७० पर्यंत त्यांनी दाट वस्त्या पाडून सरळ रस्ते काढले, भुयारी गटारे बांधली, उद्याने उभारली. पटकीने ग्रासलेल्या शहराला मोकळी हवा मिळाली, हे खरेच. पण रस्त्यांत अडथळे रचून बंड करणे अवघड झाले आणि गरीब कारागीर शहराच्या कडेला लोटले गेले, हेही तितकेच खरे.

या गरिबीला मोहक रूप दिले ते म्यूर्झेने. माळ्यावरच्या खोलीत राहणाऱ्या कलंदर कलावंतांची त्याची शब्दचित्रे १८५१ साली ग्रंथरूपाने आली. पुढे १८९६ साली पुच्चिनीच्या संगीतिकेने ती जगभर नेली. तेथे नायिकेचा क्षयसुद्धा मधुर होतो.

बोदलेअरची ‘हंस’ ही १८६० मधील कविता या माधुर्याला नकार देते. नव्या कारूझेल चौकातून जाताना कवीला तेथून नाहीशी झालेली वस्ती आठवते, आणि पिंजऱ्यातून सुटून कोरड्या फरसबंदीवर पाय घासणारा, धुळीत पंख बुडवणारा एक हंस आठवतो. त्या हंसामागून येतात दास्यात पडलेली अँड्रोमाकी, धुक्यापलीकडे आपल्या देशातील माड शोधणारी क्षयग्रस्त आफ्रिकन स्त्री, आणि सारे पराभूत. कविता अर्पण केली आहे ती त्याच सम्राटाच्या विरोधामुळे परदेशी राहणाऱ्या ह्यूगोला. हे अर्पण केवळ औपचारिक नव्हे. किंबहुना कवितेचा अर्थच त्यात आहे.

कवितेची मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्यांची घरे पडली त्यांना येथे स्वतःचा आवाज नाही. ते कवीच्या विषादाची प्रतीके होऊन राहतात. तरीही म्यूर्झेने जी किंमत झाकली, ती बोदलेअरने दाखवली. नकाशावर रेघ ओढणारा अधिकारी आणि त्या रेघेखाली हरवलेले घर, या दोहोंतील अंतर ही कविता मोजते. आपले गाव मागे टाकून परमुलखात राहिलेल्या आणि प्रसंगी स्वतःही अशा रेघा ओढणाऱ्या वाचकाने ती अवश्य वाचावी.