महाळुंग आणि कवठ : मिश्र किमतींच्या उदाहरणांतील अंकगणिती रीतीचे परीक्षण

दोन वस्तूंची एकत्रित किंमत दिली असता प्रत्येकीची किंमत शोधणे, हा शालेय गणितातील परिचित प्रकार होय. तो बीजगणिताच्या प्रकरणातच मोडतो, अशी समजूत अध्यापकवर्गात दृढ आहे. ‘क्ष’ न मांडता उत्तर काढणाऱ्या विद्यार्थ्याने अंदाज केला असावा, असेच गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीचे परीक्षण मुख्यतः महावीराचार्यांच्या एका उदाहरणाच्या आधारे केले आहे.

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याच्या काळात, इ.स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. रंगाचार्यांनी तो १९१२ मध्ये मद्रास येथून इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. त्यातील मिश्रक-व्यवहारात पुढील आशयाचे उदाहरण आहे : ९ महाळुंगे व ७ सुगंधी कवठे यांची किंमत १०७ आणि ७ महाळुंगे व ९ कवठे यांची किंमत १०१, तर एका महाळुंगाची व एका कवठाची किंमत किती?

ग्रंथकाराचा नियम असा : मोठ्या किमतीस मोठ्या संख्येने गुणावे, त्यातून लहान किंमत व लहान संख्या यांचा गुणाकार वजा करावा आणि बाकीला दोन्ही संख्यांच्या वर्गांच्या अंतराने भागावे. ९ × १०७ म्हणजे ९६३, ७ × १०१ म्हणजे ७०७, अंतर २५६. वर्गांचे अंतर ८१ − ४९ म्हणजे ३२. भागाकार ८, ही महाळुंगाची किंमत. किमतींची अदलाबदल करून ९०९ − ७४९ = १६० आणि १६० ÷ ३२ = ५, ही कवठाची.

उत्तर बिनचूक आहे, परंतु नियमाविषयी दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, वर्गांचे अंतर कोठून आले हे नियम सांगत नाही. विद्यार्थ्याने तो पाठ करावयाचा आणि वापरावयाचा. ही यांत्रिकता ‘क्ष’च्या यांत्रिकतेहून फारशी वेगळी नाही, चिन्हे नसली म्हणजे आकलन आपोआप येते असे नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संख्यांची नेमकी अदलाबदल झालेली असेल तेव्हाच हा नियम चालतो.

वास्तविक या उदाहरणाचे सौंदर्य अन्यत्र आहे. दोन्ही खरेद्या एकत्र केल्या तर १६ महाळुंगे आणि १६ कवठे २०८ ला पडतात. म्हणजे एका जोडीची किंमत १३. पहिल्या खरेदीत दुसरीपेक्षा २ महाळुंगे अधिक व २ कवठे कमी आहेत, आणि किंमत ६ ने जास्त आहे. म्हणून महाळुंग कवठापेक्षा ३ ने महाग. बेरीज १३, अंतर ३. अर्थात ८ आणि ५. येथे प्रत्येक संख्येला बाजारातला अर्थ आहे. ‘३२’ला तसा अर्थ सहजी सांगता येत नाही.

या शेवटच्या पायरीला परंपरेत ‘संक्रमण’ म्हणतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) बेरीज १०१ व अंतर २५ असलेल्या दोन संख्या विचारल्या आहेत, उत्तर ६३ व ३८. पण तीही घाईत चुकते. बॅट व चेंडू मिळून ११० रुपये, बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग, तर चेंडू केवढ्याचा? बहुतेकांच्या तोंडी ‘१०’ येते. खरे उत्तर ५. शेन फ्रेडरिक यांनी २००५ मध्ये हाच प्रश्न डॉलर-सेंटमध्ये मांडून विचारप्रक्रियेच्या अभ्यासासाठी वापरला.

संख्यांची अदलाबदल नसेल तेथेही ही विचारसरणी थांबत नाही. ३ वह्या व २ पेने १३० रुपयांना, २ वह्या व ५ पेने १६० रुपयांना मिळतात असे मानू. पहिली खरेदी दुप्पट केली तर ६ वह्या व ४ पेने, २६० रुपये; दुसरी तिप्पट केली तर ६ वह्या व १५ पेने, ४८० रुपये. वह्या समान झाल्या, तेव्हा जादा २२० रुपये ११ पेनांचे. पेन २० रुपयांना, वही ३० रुपयांना. पाठ्यपुस्तकातील लोप-पद्धती ती हीच. फक्त तिथे वही-पेनांची जागा ‘क्ष’ आणि ‘य’ यांनी घेतलेली असते.

मात्र अंकगणिती रीतीचे समर्थक जेथे गप्प बसतात तेही नोंदविले पाहिजे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त एकाजवळ ५ माणके, ८ नीलमणी, ७ मोती व ९० नाणी, दुसऱ्याजवळ अनुक्रमे ७, ९, ६ व ६२ असून दोघांचे धन समान आहे. समान वस्तू दोन्हीकडून काढून घेतल्या तर एवढेच उरते : २ माणके व १ नीलमणी यांची किंमत १ मोती व २८ नाणी यांच्याइतकी. याहून पुढे अंकगणित हलत नाही. किमती ३ : २ : १ या प्रमाणात मानल्या तर १२, ८, ४ मिळतात, १४, १, १ घेतले तरी अट पाळली जाते. उत्तरे अनेक आहेत हे अव्यक्त राशी मांडल्यावरच नीट दिसते, आणि भास्कराचार्यांनी हे उदाहरण ‘लीलावती’त न घालता ‘बीजगणिता’त घातले, यामागील विवेक उघड आहे.

२०१८ पासून महाराष्ट्रात लागू झालेल्या दहावीच्या पुस्तकात सहगुणकांची अदलाबदल असलेली समीकरणे बेरीज-वजाबाकीने सोडविलेली आढळतात. म्हणजे महाळुंग-कवठाचीच युक्ती, परंतु फळे वगळून. त्याच प्रकरणात निश्चयक व क्रेमरची पद्धतीही येते. महावीराचार्यांचे ३२ हे त्या निश्चयकाचेच मूल्य होय, ही गोष्ट वर्गात सांगितली गेली तर नवव्या शतकातील नियम कोठून आला याचे उत्तर विद्यार्थ्याला मिळेल. मात्र त्यापूर्वी १६ महाळुंगे व १६ कवठे त्याने स्वतः मोजलेली असावीत.