पेनाचा ‘मूळ’ रंग कोणता?

पोर्तुगालमधल्या सिंत्राच्या डोंगरमाथ्यावरचा पेना राजवाडा तुम्ही फोटोत तरी पाहिला असेल: एकीकडे लाल मनोरा, शेजारी पिवळाधमक घुमट. बहुतेक लेख त्याच्यावर एकच शिक्का मारतात, ‘रोमँटिक काळातली शैलींची खिचडी’. मला हा शिक्का आळशी वाटतो. खिचडीतले डाळ-तांदूळ वेगळे काढता येत नाहीत. इथे येतात, तेही रंगावरून.

लाल भाग म्हणजे सोळाव्या शतकातला मठ. १७५५ च्या भूकंपात त्याची पडझड झाली, १८३४ मध्ये देशातले मठच बंद झाले आणि १८३८ मध्ये फर्डिनंड दुसरा यानं तो विकत घेतला. पाडला मात्र नाही. डागडुजी केली आणि शेजारी नवा, पिवळा राजवाडा उभा केला. काम सोपवलं एश्वेगेकडे, जो पेशानं खाण अभियंता आणि भूशास्त्रज्ञ होता (म्हणजे आपल्यातलाच की!).

या नव्या भागात सगळंच जमलंय असं नाही. तोमारच्या मठातल्या प्रसिद्ध खिडकीवर बेतलेली एक खिडकी इथे आहे. तोमारला दगडातले दोरखंड आणि पोवळी दर्यावर्दी काळातून आली होती. इथे ती संदर्भ तुटलेल्या उद्धरणासारखी वाटतात. उलट कमानीवरचा ट्रायटन बघा. शिंपल्यावर बसलेला, अर्धा माणूस, अर्धा मासा, डोक्यातून झाड फुटलेलं. ही नक्कल नाही, हे स्वतःचं बोलणं आहे.

आता खरी अडचण. विसाव्या शतकात कित्येक वर्षं हा राजवाडा करडाच दिसायचा. शतकाच्या अखेरीस तो पुन्हा लाल-पिवळा रंगवला गेला आणि माहितीत ‘मूळ रंग परत आला’ असं आलं. मूळ म्हणजे कधीचा? फर्डिनंडच्या काळचा. मठाच्या पहिल्या दिवसाचा नव्हे, आणि करडा रंग बघत वाढलेल्या पिढीचा तर नाहीच. ही निवड मला पटते, कारण जुनं कुठलं, नवं कुठलं हे त्या रंगांमुळेच वाचता येतं. पण ती निवड आहे हे सांगायला हवं. तुमच्या संशोधन प्रस्तावात ‘मूळ’ हा शब्द आला की गाईड पहिला प्रश्न हाच विचारणार, बरं का.

जुनं पोटात ठेवून नवं बांधण्याचं उदाहरण बघायला सिंत्राच गाठायला हवं असं नाही. जुन्या गोव्यातलं सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च १६६१ मध्ये नव्यानं बांधलं, पण आधीच्या चर्चचं मॅन्युएलाइन शैलीतलं दार तसंच ठेवलं. आत शिरण्याआधी त्या दारापाशी जरा थांबा. भोवतालच्या भिंतीशी ते अजिबात जुळत नाही.