बलश्रीचा लेख

नाशिकच्या पांडवलेण्यांपैकीं तिसऱ्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा प्राकृत दानलेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या 19 व्या राज्यवर्षीं तिनें हें लेणें भिक्षुसंघास दिलें. पण लेखांत दानापेक्षां पुत्र गौतमीपुत्र सातकर्णीचेंच वर्णन अधिक. त्याचे घोडे तीन समुद्रांचें पाणी प्याले, हें राजस्तुतीचें ठराविक बोलणें झालें. क्षहरातांच्या उच्छेदाची गोष्ट मात्र पोकळ नव्हे. 1906 मध्यें जोगळटेंभीस सांपडलेल्या नहपानाच्या सुमारें तेरा हजार नाण्यांपैकीं बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राचा छाप पुन्हां उठविलेला आहे.

बलश्री स्वतःस महाराजाची माता व महाराजाची आजी म्हणविते. त्यावरून पितापुत्र तेव्हां एकाच काळीं राज्य करीत होते, असें डॉ. भांडारकरांनीं अनुमान काढलें. आम्हांस तें पटत नाहीं. नातू येथें एक गांव देतो व त्याचें पुण्य पित्यास अर्पितो. शिवाय, विशेषणांची लांबलचक माळ ओवतां ओवतां, तो आईची अखंड सेवा करी, अपराधी शत्रूचाही जीव घेणें त्यास रुचत नसे, असें मध्येंच येऊन जातें. हे शब्द भाटाचे नव्हेत. मुलगा गेलेल्या आईचे आहेत. नामपूरकडून नाशकास जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही हा लेख मोठ्यानें वाचावयास सांगतों. तसा वाचला, म्हणजे त्यांतील समास जड वाटत नाहींत.