मुक्त आज्ञावल्या आणि ‘शेतकऱ्यां’चा प्रश्न
अँड्रॉइड भ्रमणध्वनीवर देवनागरी अक्षरजुळणी ‘हार्फबझ’ ही मुक्त आज्ञावली करते. प्रत्येकास ती विद्या नव्याने सिद्ध करावी लागत नाही, हा सामायिकतेचा निर्विवाद लाभ होय. तथापि अक्षर दिसणे आणि शब्द ओळखणे या भिन्न गोष्टी आहेत. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : ‘ऱ’ हलन्त करून, किंवा हलन्त ‘र’पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांस दोन्ही सारखेच. परंतु युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ते एकरूप होत नाहीत. म्हणून बारामतीत एका रीतीने टंकलेला शब्द इंदापुरात दुसरीने शोधल्यास साध्या तुलनेत सापडत नाही. दोहोंस रफार मानणे हा उपायही त्याज्य; त्याने ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतील भेदच लोपतो. असा नियम एकदाच लिहून सर्वांस खुला करणे हे भाषाभ्यासकांचेही कर्तव्य ठरते.