इयागो आवडण्याविषयी

गेल्या पावसाळ्यात दर रविवारी सकाळी एक मुलगी माझ्याकडे ‘ऑथेल्लो’ वाचायला येत असे. वय एकोणीस, घरी मराठी, शाळा इंग्रजी, मैत्रिणींशी तेलुगू आणि दखनी. हैदराबादेत वाढलेल्या मराठी मुलांच्या तोंडी असतात त्या सगळ्या भाषा तिच्याकडे होत्या. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला तिला हे नाटक होते, आणि मी त्याच नाटकातल्या काही प्रवेशांचा मराठी अनुवाद करत होते. तिला परीक्षेपुरती मदत हवी होती, मला मोठ्याने वाचून दाखवायला कुणीतरी हवे होते. ती पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहीत असे. पहिल्या अंकाच्या शेवटी तिने लिहिले होते : ‘हा मला आवडतो.’ हा म्हणजे इयागो.

तिला स्वतःलाच ते थोडे लाजिरवाणे वाटले. “पण ताई, दुसरं कुणी आपल्याशी बोलतच नाही,” ती म्हणाली. तिचे बरोबर होते. ऑथेल्लो सिनेटशी बोलतो, डेस्डिमोना वडिलांशी आणि नवऱ्याशी, कॅसिओ सगळ्यांशी अदबीने. प्रेक्षकांकडे वळून आपला बेत सांगतो तो इयागो. नाटकाचे नाव ऑथेल्लोचे असले तरी भूमिका इयागोची मोठी आहे. पुढे काय होणार हे आपल्याला त्याच्याकडून कळते, आणि ज्याच्याकडून आतली बातमी कळते तो माणूस जवळचा वाटतो. शेक्सपिअरने आपल्याला पहिल्याच अंकात कटात घेतलेले असते, आपली परवानगी न विचारता.

परीक्षेच्या मार्गदर्शकांत मात्र ‘खलनायक म्हणून इयागो’ असा प्रश्न असतो आणि त्याला ठरलेले उत्तर असते. कपटी, मत्सरी, दुष्ट अशी विशेषणे ओळीने लावली की गुण मिळतात. या उत्तरात वाचक कुठेच नसतो, आणि तिच्या समासातल्या तीन शब्दांत तो होता. म्हणून मी तिला ते खोडू दिले नाही.

दुसऱ्या अंकानंतर तिने यादी केली. इयागो ऑथेल्लोचा द्वेष का करतो? एक, हुद्दा कॅसिओला मिळाला. दोन, ऑथेल्लो आणि एमिलिया यांच्याबद्दल कुजबुज आहे. तीन, त्याला स्वतःलाही डेस्डिमोनाविषयी काही वाटते. चार, कॅसिओचाही एमिलियाशी संबंध असावा असा संशय. पाचव्या अंकात आणखी एकाची भर पडते : कॅसिओच्या आयुष्यात रोजचे असे काही सौंदर्य आहे, की त्याच्यापुढे इयागोला आपण कुरूप वाटतो. यादीखाली तिने लिहिले, ‘इतकी कारणं म्हणजे एकही नाही.’ कोलरिजने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळजवळ हेच म्हटले होते : या दुष्टपणाला हेतू नाही, आणि इयागो तो शोधत फिरतो आहे. तिने कोलरिज वाचलेला नव्हता. मी तो तिला वाचायला दिला, पण त्याच्याशी मी पूर्ण सहमत नाही हेही सांगितले.

याचे कारण मूळ कथेत आहे. शेक्सपिअरने हे कथानक चिन्थिओ या इटालियन लेखकाच्या 1565 साली छापलेल्या कथासंग्रहातून घेतले. तिथे या हुद्देदाराला नाव नाही, पण हेतू स्वच्छ आहे : तो डिस्डेमोनावर भाळलेला आहे, ती दाद देत नाही, म्हणून सूड. शेक्सपिअरने नेमके हेच कारण पातळ केले, ओझरते ठेवले, आणि त्याच्याभोवती बाकीची कारणे मांडली. या सगळ्या कारणांत एक साम्य आहे. ती सैन्यात, बाजारात, कुठल्याही पारावर खपण्यासारखी आहेत. बढती हुकली, बायकोबद्दल लोक बोलतात, असे म्हणणाऱ्या पुरुषाला सहानुभूती मिळते. इयागो कारणे शोधतो यापेक्षा तो ती अंगाला लावून पाहतो, कोणते शोभते ते बघतो, असे मला वाटते. आणि ती आपल्याला ऐकवतो. आपण मान हलवतो की नाही हे त्याला बघायचे असते.

भारतीय वाचकाला इथे शकुनी आणि मंथरा आठवतात. मंथरा जास्त जवळची, कारण तिचेही काम कान भरण्याचे आहे. मराठीत हा वाक्प्रचार इतका घासून गेला आहे की त्यातले चित्र आता दिसत नाही, पण इयागो स्वतः ऑथेल्लोच्या कानात विष ओतण्याचीच भाषा करतो. फरक असा, की मंथरेला काय हवे आहे ते आपल्याला आणि कैकेयीला माहीत असते : भरताला राज्य. इयागोला कॅसिओची जागा तिसऱ्या अंकात मिळते. तो थांबत नाही.

तिसऱ्या अंकातला तो लांबलचक तिसरा प्रवेश आम्हाला तीन रविवार पुरला. प्रवेशाच्या सुरुवातीला ऑथेल्लो बायकोवर प्रेम करणारा नवरा आहे, शेवटी तिचा मृत्यू ठरवून उठतो. मध्ये इयागोने काय केले? तिने पेन्सिलीने खुणा केल्या आणि मला दाखवल्या. पूर्वार्धात तो धडधडीत खोटे जवळजवळ बोलतच नाही. तो एक अर्धवट उद्गार काढतो आणि मग ‘काही नाही’ म्हणतो. ऑथेल्लोचाच शब्द प्रश्नचिन्ह लावून परत करतो. मत्सरापासून जपा, असा सल्लाही देतो. डेस्डिमोनाने लग्नासाठी वडिलांना फसवले होते याची आठवण करून देतो, आणि ते खरेच आहे. तिचा बाप ब्रॅबॅन्शिओ जाताना तेच बजावून गेला होता. कॅसिओच्या स्वप्नाची आणि रुमालाची उघड थाप नंतर येते, तोवर ऑथेल्लोच पुरावा मागू लागलेला असतो.

या प्रवेशात आणखी एक गोष्ट घडते. डेस्डिमोना आपल्यापासून का दुरावली असेल याचा विचार करताना ऑथेल्लोच्या तोंडी आधी स्वतःचा काळा रंग येतो, मग दरबारी गोड बोलणे न जमणे, मग वय. रंगाचा हा मुद्दा इयागोने थोड्या वेळापूर्वीच सुचवलेला असतो, पण तो त्याच्या पदरचा नाही. पहिल्या अंकात रॉडरिगो आणि ब्रॅबॅन्शिओ ही भाषा बोललेले आहेत; व्हेनिसच्या गल्लीत ती तयारच होती. इयागो नवीन काही निर्माण करत नाही, आधीच पडून असलेले उचलतो. आपल्याकडच्या रूपांतरकारांनी हे अचूक ओळखले. जयराज यांच्या ‘कळियाट्टम’ (1997) या मल्याळम चित्रपटात नायक तेय्यम करणारा, देवीच्या खुणा चेहऱ्यावर वागवणारा पेरुमलयन आहे, आणि त्याची बायको वरच्या जातीच्या घरातली. विशाल भारद्वाज यांच्या ‘ओमकारा’त (2006) ओमीच्या आईची जात काढली जाते. रंगाच्या जागी जात आली आणि नाटकाला कुठेही ठिगळ लागले नाही, हे आपल्याविषयी बरेच काही सांगते.

अनुवादक म्हणून माझे अडणे दोन ठिकाणी होते. पहिले, ‘ऑनेस्ट’ हा शब्द. विल्यम एम्पसनने त्याच्यावर एक अख्खा निबंध लिहिला आणि मोजून दाखवले की ‘ऑनेस्ट’ आणि ‘ऑनेस्टी’ मिळून नाटकात 52 वेळा येतात. तो इयागोचे बिरुद आहे, आणि त्यात हाताखालच्या माणसाची पाठ थोपटण्याचा सूरही आहे. तोच शब्द बाईला लावला की अर्थ होतो शीलवान. त्यामुळे ऑथेल्लो एकाच शब्दाने इयागोला जवळ करतो आणि डेस्डिमोनाला दूर लोटतो. ‘प्रामाणिक’ हा शब्द इथे सेवापुस्तिकेतला वाटतो. मी ‘इमानी’ वापरला होता. त्यात चाकरी आहे, मालक आहे, पण बाईला तो लागत नाही. तिने सुचवले, “‘खरा’ करून बघा ना. तो खरा आहे, ती खरी नाही.” सगळीकडे ते बसले नाही. चौथ्या अंकात मात्र बसले, आणि तिथे आता तेच आहे.

दुसरी अडचण मराठीने दिलेल्या देणगीची आहे. इयागो ऑथेल्लोशी कायम आदराने बोलतो, ऑथेल्लो त्याला एकेरीत हाक मारतो. हे मराठीत सहज येते. पण ऑथेल्लो आत गेला की इयागो त्याच्याबद्दल जे बोलतो तिथे इंग्रजीत नुसता ‘ही’ पुरतो. मराठीत ठरवावे लागते : ‘ते’ की ‘तो’? डेस्डिमोनापुढे आणि कॅसिओपुढे ‘ते’, रॉडरिगोपुढे आणि आपल्यापुढे ‘तो’. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 1867 साली हे नाटक मराठीत आणले, देवलांनी 1890 साली त्याचा ‘झुंजारराव’ केला, पुढे शिरवाडकरांनीही ते हाताळले. मराठी अनुवाद करणाऱ्याला ही निवड चुकवता येत नाही. मराठीतला इयागो प्रत्येक स्वगतात सर्वनामानेच उघडा पडतो, आणि ते ‘तो’ ऐकणारे आपण त्याच्या बाजूला उभे असतो.

हे मी तिला समजावत होते तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, “ताई, मी हे केलंय.” हॉस्टेलमध्ये एका मुलीबद्दल बोलले जात होते. कुणीतरी हिला विचारले, ती रात्री उशिरा कुठून येते? “मी फक्त म्हटलं, ‘मला काय माहीत?’ खोटं नव्हतं ते. मला खरंच माहीत नव्हतं. पण मी जसं म्हटलं ना…” ती मुलगी सत्राच्या मध्येच हॉस्टेल सोडून गेली.

त्या रविवारी आम्ही पुढे वाचले नाही. नंतरच्या वेळी समासात नवी नोंद होती : ‘मी इयागो नव्हते. ऑथेल्लोही नव्हते. मग मी कोण?’

माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर एमिलिया आहे. चिन्थिओच्या कथेत रुमाल तो हुद्देदार स्वतः चोरतो. त्याची लहान मुलगी डिस्डेमोनाच्या कडेवर असताना. शेक्सपिअरने ते काम एमिलियाकडे दिले. रुमाल तिला सापडतो, नवरा मागत होता म्हणून ती तो देते, आणि डेस्डिमोना शोधू लागल्यावर मला माहीत नाही असे सांगते. तिला कट ठाऊक नसतो. तिने फक्त एका गोष्टीबद्दल तोंड बंद ठेवलेले असते. इयागोची युक्ती चालते ती अशा बंद तोंडांच्या भरवशावर.

शेवटच्या प्रवेशात खुनानंतर ऑथेल्लो तिला सांगतो, तुझ्याच नवऱ्याला विचार. एमिलिया तेच दोन शब्द परत म्हणते : माझा नवरा? पुन्हा तेच, आणि पुन्हा. ऑथेल्लो वैतागतो, हे काय सारखे तेच तेच. माझ्या विद्यार्थिनीने पान मागे उलटून तिसऱ्या अंकावर बोट ठेवले. तिथेही ऑथेल्लो असाच वैतागला होता, इयागो आपलेच शब्द प्रतिध्वनीसारखे परत करतो म्हणून. नाटककाराने एकच युक्ती नवरा-बायको दोघांना दिली आहे. नवरा शब्द परत करतो तो लपवण्यासाठी. बायको परत करते, कारण तो शब्द तिला पहिल्यांदाच ऐकू येतो आहे. इतकी वर्षे हे नाटक वाचून मला हा सांधा दिसला नव्हता.

त्यानंतर एमिलिया बोलते. नवरा गप्प राहा, घरी जा म्हणतो, तलवार उपसतो, तरी बोलते आणि त्यात मरते. आणि नाटकभर आपल्याशी गप्पा मारणारा इयागो यापुढे एक शब्दही बोलणार नाही असे जाहीर करून तोंड मिटतो. त्याला रंगमंचावर मरणही नाही. छळाचा हुकूम सुटतो, तो जिवंतच आत नेला जातो. ‘ओमकारा’त इंदू लंगडा त्यागीचा गळा चिरते तेव्हा बघणाऱ्याला मोकळे वाटते. शेक्सपिअर ते मोकळेपण देत नाही. पहिल्या अंकात ज्याने आपल्याला जवळ केले, तो जाताना आपल्याकडे बघतही नाही. कारण काय, हा ऑथेल्लोचा प्रश्न आपल्याही हातात उरतो.

परीक्षेत तिला ‘खलनायक म्हणून इयागो’ हाच प्रश्न आला. गुण बेताचे पडले. उत्तरात एमिलियावर दीड पान लिहिल्याने असेल. समासातले ‘हा मला आवडतो’ तिने अजून खोडलेले नाही, त्याच्यापुढे तारीख घातली आहे. हॉस्टेल सोडून गेलेल्या मुलीचा नवा नंबर तिने कुणाकडून तरी मिळवला आहे. हे सगळे इथे लिहू का, असे विचारल्यावर म्हणाली, “लिहा. माझं नाव नको, तिचं तर नकोच.” फोन केलास का, हे मी तिला विचारलेले नाही.